बाबा चहा पीत होते आणि ऑक्सिमीटर ८१ दाखवत होता

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, माझे वडील मे २०२१ मध्ये कोविडने गेले. वय ६३, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बारा वर्षांपासून मधुमेह, पण एरवी तब्येत ठणठणीत. ताप आल्याच्या आठव्या दिवशी सकाळी ते ओसरीवर खुर्चीत बसून चहा पीत होते आणि ऑक्सिमीटर ८१ दाखवत होता. त्यांना धाप अजिबात नव्हती. मी सेल बदलले, माझ्या बोटाला लावून पाहिला तर ९८ आला. मग वाटले की बाबांची बोटे राठ आणि गार आहेत म्हणून आकडा चुकत असेल. रात्री ओठ निळसर दिसले तेव्हा आम्ही धावपळ केली. सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १९ आला. चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर लावला, पुढे किडनी गेली म्हणून दोनदा डायलिसिस झाले आणि अकराव्या दिवशी सगळे संपले. रेमडेसिवीरच्या सहापैकी तीनच कुप्या मिळाल्या. भाऊ म्हणतो, व्हेंटिलेटरनेच मारले. आत्या म्हणते, फुफ्फुसाच्या आजारात किडनी जातेच कशी, काहीतरी लपवले आहे. आईही त्याच वेळी पॉझिटिव्ह होती, तिला तीन दिवस ताप आला आणि उतरला. त्या दिवसांत बाबांच्या शरीरात नेमके काय झाले, ते कोणीतरी मला काही न लपवता सांगावे, एवढेच हवे आहे. आणि आईला पुन्हा असे काही झाले तर मी काय पाहायचे? — एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मी कोविड कक्षातच होतो. त्या दिवसांत नातेवाइकांशी आमचे बोलणे दिवसातून एकदा, फोनवर, दोन-तीन मिनिटांत उरकत असे: सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, इतके आहे, ऑक्सिजन इतका लागतो आहे, प्रकृती गंभीर आहे. त्या दोन-तीन मिनिटांत जे सांगायचे राहून गेले, ते तुमच्या निमित्ताने आज सांगतो. तुम्ही ‘काही न लपवता’ असे लिहिले आहे, म्हणून जिथे उत्तर कटू आहे तिथे ते मी गोड केलेले नाही.

आधी त्या ८१ विषयी, कारण तुमचे सगळे पत्र त्या आकड्याभोवती फिरते आहे.

माणसाला धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागल्यामुळे. विहिरीत बुडी मारली की थोड्याच वेळात छाती फुटेलसे वाटते, ते त्या वायूमुळे; ऑक्सिजन त्या क्षणी रक्तात पुष्कळ शिल्लक असतो. कार्बन डायऑक्साइड हा फुफ्फुसाच्या पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहजतेने आरपार जातो, त्यामुळे फुफ्फुसाचा मोठा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग जरा भरभर चालून हा वायू बाहेर टाकत राहतो आणि मेंदूला जागे करणारी मुख्य घंटा वाजतच नाही. ऑक्सिजन कमी झाल्याचे ओळखणारी दुसरी एक यंत्रणा मानेतल्या रोहिणीपाशी असते, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर ती मंदावते, आणि उतारवयात व मधुमेहात ती मुळातच मंद झालेली असते. तुमच्या बाबांच्या बाबतीत या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. म्हणून ओसरीवर चहा पिणारा माणूस आणि ८१ हा आकडा, दोन्ही एकाच वेळी खरे होते.

आमच्या कक्षात एक शेतकरी गृहस्थ सॅच्युरेशन ७४ असताना खाटेवर मांडी घालून बसले होते आणि ठिबकच्या नळ्या कुठे ठेवल्या आहेत ते मुलाला मोबाइलवर सविस्तर सांगत होते. धाप लागते का विचारले तर मान हलवून नाही म्हणाले. मी घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजले, ते मिनिटाला ३४ भरले. निरोगी माणसाचे बसल्या जागी १२ ते २० असतात. छाती भात्यासारखी हलत होती आणि ज्याची हलत होती त्याला ते जाणवत नव्हते. २०२० च्या सुरुवातीला हा प्रकार पाहून जगभरचे अनुभवी डॉक्टर चक्रावले होते आणि यंत्रावर संशय त्यांनीही घेतला होता.

तुमचा संशय तर वेडगळ मुळीच नव्हता. ऑक्सिमीटर नखाच्या बाजूने तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतो आणि रक्ताने त्यातला किती शोषला यावरून आकडा काढतो. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा गडद रंग असेल, हात हलत असेल तर तो खरोखरच चुकतो. तुम्ही सेल बदललेत आणि यंत्र स्वतःच्या बोटाला लावून पाहिलेत, ही विचारी माणसाची कृती होती. फक्त त्या ९८ चा अर्थ असा होता की यंत्र ठीक आहे, आणि तो अर्थ त्या सकाळी तुम्हाला सांगणारे शेजारी कोणी नव्हते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. रक्तातला ऑक्सिजन एकसारखा उतरत नाही. पाचगणीच्या टेबललँडवर चालताना बराच वेळ पायाखालची जमीन सपाट असते आणि मग अचानक कडा येतो, तसे ते आहे. फुफ्फुसातून रक्तात येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब शंभरावरून साठापर्यंत घसरला तरी सॅच्युरेशन ९८ वरून ९० पर्यंतच येते. साठाच्या खाली मात्र दाब थोडा कमी झाला की आकडा भराभर कोसळतो. म्हणजे ९४ ते ९० हा प्रवास दिसायला किरकोळ असतो, पण तेव्हाच माणूस पठाराच्या टोकाशी आलेला असतो. तुमचे बाबा सकाळी कड्यावरून उतरू लागले होते.

आता त्याआधीच्या आठ दिवसांकडे वळू. आपल्या फुफ्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील, म्हणजे शहरातल्या साडेसातशे चौरस फुटांच्या टू बीएचके घराची सगळी फरशी. या फरशीची जाडी मात्र केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकीही नसते. तिच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला केशवाहिन्यांतले रक्त. कोरोनाचा विषाणू आपल्या काटेरी प्रथिनाने पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या कडीला अडकतो आणि आत शिरतो. ही कडी नाकात असते, आतड्यात असते, मूत्रपिंडात असते आणि वायुकोशांतल्या एका विशिष्ट प्रकारच्या पेशींवरही असते. या पेशी वायुकोशाच्या भिंतीचा अगदी थोडा भाग व्यापतात, पण कामे दोन करतात आणि दोन्ही जीव वाचवणारी. पहिले म्हणजे त्या एक निसरडा, फेसासारखा द्रव तयार करतात, ज्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहीत. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना कशा चिकटतात ते आठवा. दुसरे म्हणजे शेजारची पेशी मेली की त्याच वाढून तिची जागा भरतात. विषाणूने नेमक्या याच पेशी मारल्या, म्हणजे घर पडू लागले आणि गवंडीही गेला.

बाबांना ताप आला त्या सुमारास विषाणूंची संख्या सर्वांत जास्त होती. पुढच्या काही दिवसांत ती उतरत गेली असणार. आणि तरीही सातव्या-आठव्या दिवशी प्रकृती बिघडली, कारण तोवर नुकसान करणारा हात बदललेला होता. शरीराची प्रतिकारयंत्रणा विषाणूला मारण्यासाठी वायुकोशांच्या भिंतींशी पांढऱ्या पेशींची गर्दी करते, त्या पेशी रसायने सोडतात, केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातले पाणी व प्रथिने वायुकोशांत झिरपतात. मेलेल्या पेशी आणि ही प्रथिने मिळून आतून काचेसारखा एक चिकट थर बसतो. तो थर बसला की हवा आणि रक्त यांच्यामध्ये भिंत उभी राहते. सीटी स्कॅनवर घासलेल्या काचेसारखे जे धुरकट पट्टे दिसतात, ते हेच. फुफ्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपैकी गुण देऊन ‘स्कोअर’ काढला जातो. बाबांचा १९ होता, म्हणजे किमान चार खंडांत हा प्रकार पसरलेला होता.

हा आजार कोविडने जगात आणला असे मात्र नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांचे वर्णन छापले. त्यांत काही अपघातात जखमी झालेले होते, काहींना विषाणूजन्य न्यूमोनिया होता, एकाच्या स्वादुपिंडाला सूज होती; कारणे वेगवेगळी आणि फुफ्फुसांची अवस्था मात्र एकच. पुढे त्या अवस्थेला ‘एआरडीएस’ हे नाव मिळाले, तिची व्याख्या ठरली, उपचारांचे नियम ठरले. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि त्यानंतर आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागात हीच फुफ्फुसे पाहिली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबईत जे रुग्ण निळे पडून गेले, त्यांच्या फुफ्फुसांत याच प्रकारची जखम होती आणि अनेकांत तिच्यावर जिवाणूंचा न्यूमोनिया चढला होता.

‘सायटोकाइन वादळ’, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या रसायनांचा भडका, हा शब्द तुम्ही त्या काळात टीव्हीवर ऐकला असेल. मला तो फारसा आवडत नाही. प्रतिकारशक्ती सगळीकडे सारखीच बेफाम झाली होती, असा त्यातून समज होतो. प्रत्यक्षात या रुग्णांच्या रक्तातली काही रसायने जंतुसंसर्गाच्या इतर गंभीर आजारांपेक्षा कमीच होती. बिघाड वेळेचा होता. सुरुवातीला जो विषाणूविरोधी जोर लागायला हवा तो उशिरा किंवा अपुरा लागला, आणि नंतर जी सूज ओसरायला हवी ती चढत राहिली. म्हणूनच स्टेरॉइडचा गुंता समजून घेण्यासारखा आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले सुमारे एकपंचमांशाने घटले. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना त्याचा काही लाभ झाला नाही. जे औषध आठव्या दिवशी जीव वाचवते, तेच तिसऱ्या दिवशी घरी बसून घेतले तर विषाणूशी लढणारा हात बांधते. आपल्याकडे मेडिकलमधून आणून ते पहिल्या दिवसापासून घेणारे मी खूप पाहिले. मधुमेह असलेल्यांची साखर त्याने चारशे-पाचशेवर गेली आणि पुढे काळ्या बुरशीने त्यांतल्या काहींचे डोळे आणि जबडे नेले. ते आठवले की आजही वाईट वाटते.

आई का वाचली आणि बाबा का गेले, हेही याच वेळेच्या गणितात आहे. विषाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांत पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडून आजूबाजूच्या पेशींना सावध करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये सापडली, आणि त्यांत बहुतेक पुरुष होते. म्हणजे त्यांच्या घरात आगीची सूचना देणारी तारच आधीपासून कापलेली होती आणि त्यांना ते माहीत असण्याचे काही कारण नव्हते. बाबांच्या रक्तात ती होती की नाही, याची तपासणी कोणी केलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण वय, पुरुष असणे आणि मधुमेह या तीन गोष्टी त्यांच्या विरुद्ध होत्या आणि आईच्या बाजूने निदान एक तरी होती. बाबांनी काढा कमी घेतला, वाफ कमी घेतली, पथ्य पाळले नाही, असे घरात कोणी म्हणत असेल तर ते मनातून काढून टाका.

आता आत्यांच्या प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रुग्णालयाने तेव्हाच द्यायला हवे होते. श्वसनमार्गातून शिरलेला आजार मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो तो रक्तवाहिन्यांच्या वाटेने. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते आणि त्या अस्तरामुळे रक्त वाहते राहते. कोविडमध्ये हे अस्तर सुजले आणि सोलले, आणि अस्तर उघडे पडले की रक्त गोठते. २०२० मध्ये कोविडने मृत्यू पावलेल्या सात जणांची फुफ्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आली, तेव्हा वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांपेक्षा नऊपट गुठळ्या आढळल्या. तुमच्या फाइलमध्ये ‘डी-डायमर’ नावाची तपासणी वारंवार केलेली दिसेल, ती याच गुठळ्यांचा अंदाज घेण्यासाठी. पोटावर रोज जे इंजेक्शन देत असत, ते रक्त पातळ ठेवण्यासाठी.

हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. त्यामुळे रक्ताभिसरणात काहीही बिघडले की त्याची झळ त्यांना लवकर लागते. बाबांच्या मूत्रपिंडांवर बारा वर्षांच्या मधुमेहाचा भार होताच. त्यात ऑक्सिजन कमी, रक्तदाब खाली, बारीक वाहिन्यांत गुठळ्या आणि सूज. शिवाय फुफ्फुसांत पाणी झिरपत असल्यामुळे डॉक्टर अशा रुग्णाला सलाइन मुद्दाम बेताचे देतात. व्हेंटिलेटर छातीत दाब निर्माण करतो, त्याने हृदयाकडे परतणारे रक्त थोडे कमी होते, आणि हेही मूत्रपिंडांना सोसावे लागते. फुफ्फुसे कोरडी ठेवायची तर मूत्रपिंडे तहानतात आणि मूत्रपिंडांना पाणी द्यावे तर फुफ्फुसे भरतात. अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता लघवीची पिशवी हातात धरून आम्ही यातला मधला मार्ग शोधत असतो. पिशवीत तासाला चहाच्या दोन-तीन चमच्यांएवढीही लघवी येईनाशी झाली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे थकली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) चढत गेले की डायलिसिस करावे लागते. आत्यांना सांगा की व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचलेल्या अनेक रुग्णांच्या बाबतीत हेच घडले आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. सांगितले मात्र जायला हवे होते, ही त्यांची तक्रार मला मान्य आहे.

तुमच्या भावाच्या बोलण्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो मी नाकारणार नाही. व्हेंटिलेटर फुफ्फुस बरे करत नाही. फुफ्फुस बरे होईपर्यंत तो माणसाला जगवतो, आणि तो हलगर्जीपणे लावला तर फुफ्फुसाला इजाही करतो. अशा आजारात मोठ्या माणसाच्या छातीत वापरण्याजोगे फुफ्फुस लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढे उरलेले असते. त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबला तर चांगले वायुकोशही ताणून फाटतात. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट झाले. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला बारा मिलिलिटरऐवजी सहा मिलिलिटरचाच श्वास दिला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. तेव्हापासून तो नियम झाला आहे. बाबांना पालथे झोपवले होते का, तेही फाइलमध्ये पाहा. पाठीकडचे फुफ्फुस उताणे झोपल्यावर हृदयाच्या आणि पोटाच्या भाराखाली दबते, पालथे केले की ते मोकळे होते. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये मुख्यत्वे झालेल्या अभ्यासात, रोज सलग सोळा तास पालथे ठेवलेल्या अत्यवस्थ रुग्णांतले मृत्यू निम्म्यावर आले होते.

पण भावाने हेही पाहावे की चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरांनी वाट पाहिली होती. व्हेंटिलेटर ज्यांना लावतात ते सर्वांत जास्त आजारी असतात, म्हणून त्यांच्यात मृत्यू सर्वांत जास्त दिसतात. आणि व्हेंटिलेटरशिवाय मिनिटाला चाळीस श्वास घेत राहणे हेही फुफ्फुसाला जखमी करते, कारण त्या जोराच्या ओढीनेच सुजलेले वायुकोश फाटत असतात. मग स्नायू थकतात आणि श्वास थांबतो. त्या दिवशी तो लावला नसता तर बाबा बहुधा त्याच रात्री गेले असते.

रेमडेसिवीरविषयी थोडक्यात लिहितो. न मिळालेल्या त्या तीन कुप्यांचे ओझे तुम्ही खाली ठेवा. ते विषाणूवरचे औषध आहे, आणि बाबांचे नुकसान तोवर सूज आणि गुठळ्या करत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांचा जीव त्याने वाचल्याचे दिसले नाही. त्या एप्रिलमध्ये औषधाच्या दुकानांसमोर उन्हात उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या रांगा पाहून त्याच औषधात जीव आहे असे लोकांना वाटले, यात त्यांचा दोष नव्हता.

‘माझी चूक झाली का’ असे तुम्ही पत्रात कुठेही विचारलेले नाही. तरी सेल बदलल्याचे तुम्ही लिहिले, स्वतःच्या बोटावरचा ९८ लिहिला, त्यावरून तुम्ही ती सकाळ रोज जगता आहात हे मला कळते. म्हणून त्याचेही उत्तर देतो. सकाळीच ऑक्सिजन लागला असता तर त्या दिवशी त्यांच्या हृदयावरचा आणि मूत्रपिंडांवरचा ताण कमी झाला असता. हे खरे आहे, आणि हे सदर इतर घरांतही वाचले जाते, म्हणून ते मला लिहिलेच पाहिजे. पण स्कोअर १९ येण्याइतकी जखम एका दिवसात होत नाही. ती त्याआधीच्या तीन-चार दिवसांत होत आली होती, जेव्हा बाबा घरात हिंडत-फिरत होते आणि कोणालाच काही दिसत नव्हते. ऑक्सिजन ती जखम भरून काढत नाही. ६३ वर्षांच्या मधुमेही पुरुषाच्या बहुतेक फुफ्फुसांत पसरलेला आजार बारा तास आधी दाखल झाल्याने नक्की उलटला असता, असे छातीवर हात ठेवून सांगणारा डॉक्टर मला माहीत नाही. मी स्वतः तसे सांगणार नाही. माझे मत विचाराल तर त्या आजाराने तुमच्यापासून लपवण्यासारखे जे होते ते सगळे लपवले होते, आणि जे दिसले त्यावर तुम्ही त्याच दिवशी धावलात. भावाला आणि आत्यांना घेऊन एकदा त्या रुग्णालयातून केसपेपरची प्रत मागून घ्या. ती मिळणे हा तुमचा हक्क आहे. ओळखीच्या फिजिशियनसमोर बसून ती पानोपान वाचून घ्या. माझ्या पत्रापेक्षा त्या तासाभराने घरातले बोलणे जास्त बदलेल.

आता आईविषयी. कोविड आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, कारण लस आणि आधीचे संसर्ग यांमुळे बहुतेकांच्या शरीराला त्याची ओळख झाली आहे. तरीही त्यांच्या वयाला इन्फ्लुएन्झाही तितकाच जपून घ्यायला हवा. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर ती देऊन टाका आणि कोविडचा डोस कधी घ्यायचा ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. फ्लूमध्ये बिघाड फार लवकर होऊ शकतो आणि त्यावरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत उपयोगी पडते, म्हणून त्यांना जोराचा ताप आणि खोकला आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. ताप एकदा उतरून तीन-चार दिवसांनी पुन्हा चढला, लघवी कमी झाली, बोलण्यात असंबद्धता आली किंवा त्या एरवीपेक्षा खूप झोपून राहू लागल्या, तर ही लक्षणे ऑक्सिमीटरइतकीच गंभीर माना. घरात कोणी सुचवले तरी पहिल्या दिवसांत स्टेरॉइडची गोळी देऊ नका.

तुमचा ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल तर आजच, आई ठणठणीत असताना, तो बाहेर काढा. त्यांना पाच मिनिटे स्वस्थ बसवा, हात एकमेकांवर चोळून गरम करा, मेंदी नसलेल्या नखाला तो लावा आणि अर्धा मिनिट थांबून स्थिरावलेला आकडा वहीत लिहा. मग घरातल्या घरात सहा मिनिटे चालायला सांगा आणि पुन्हा लिहा. त्यांचे लक्ष नसताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि तोही आकडा लिहा. त्यांच्या प्रकृतीचे हे माप तुमच्याकडे राहील. आजारपणात दिवसातून तीन वेळा तसेच मोजायचे. बसल्या जागी ९४ च्या खाली, किंवा चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरलेला, किंवा मिनिटाला चोवीसच्या वर श्वास, यांतले काहीही दिसले तर बोट बदलून एकदा खात्री करा, आणि पुन्हा तेच दिसले की धाप लागते का हे आईला विचारत न बसता गाडी काढा.